सान निकासियोचा ड्रोन

मेयर पानियो निओनेस सकाळी साडेआठला स्वतः जिना उतरून खरेदी विभागात आले, तेव्हाच तिथल्या अधिकारी मानांग पुरिंग यांनी चष्मा नाकावर चढवला. मेयर जेव्हा शिपायाला न पाठवता स्वतः येतात, तेव्हा त्यांना नियमात न बसणारं काहीतरी हवं असतं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. आधीचे चार मेयरही असेच जिना उतरून येत.

मेयरांनी टेबलावर एक रंगीत पत्रक ठेवलं. त्यावर चार पंखांचा, उलट्या खेकड्यासारखा दिसणारा ड्रोन होता.

“मानांग, हा घ्यायचाय.”

“कशाला?”

“समुद्रावर पाळत ठेवायला. ते मोठे ट्रॉलर पार किनाऱ्याला खेटून जाळं ओढतात. आपल्या गस्तीच्या होडीचं इंजिन सुरू होईस्तोवर त्यांचे मासे शहरात शिजून झालेले असतात. हा वरून बघेल, फोटो काढेल, बोटीचा नंबर टिपेल. वादळात कोणी वाहून गेलं तर शोधायलाही बरा.”

कारण खरं होतं. किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरपर्यंतचा समुद्र गावातल्या लहान होड्यांचा, असा कायदा आहे. ट्रॉलरवाल्यांना कायदाही ठाऊक होता आणि गस्तीच्या होडीचं इंजिनही. मानांग पुरिंग यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, कास्तोर नापुद, कोळ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. गेलं वर्षभर तो पहाटे गेला की दुपारी टोपलीच्या तळाशी चार तार्ल्या घेऊन परत येई आणि त्यांतल्या दोन मांजराला टाकण्याच्या लायकीच्या असत.

“घेऊ,” मानांग म्हणाल्या. “पण रीतसर.”

“रीतसर म्हणजे किती रीतसर?”

“सांता ब्रिहिदासारखं होणार नाही इतकं.”

शेजारच्या सांता ब्रिहिदा गावाने दोन वर्षांपूर्वी असाच एक ड्रोन घाईघाईने घेतला होता. कोणी उडवायचा, काय टिपायचं, टिपलेलं कोणी बघायचं, यांतलं काही ठरवलंच नव्हतं. तो मेयरच्या ड्रायव्हरच्या हाती लागला. पहिल्या महिन्यात त्याने दोन लग्नं आणि एक कोंबड्यांची झुंज टिपली. दुसऱ्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिका परसात डोक्याला कलप लावून बसल्या होत्या, ती चित्रफीत गावातल्या प्रत्येक फोनवर पोचली. बाईंनी बदली मागून घेतली. ड्रोन कपाटावर गेला. ड्रायव्हर मात्र होता तिथेच राहिला.

“सरकारी डोळा विकत घ्यायचा, तर तो कुणाच्या परसात डोकावणार नाही हे आधी लिहून घ्यायला हवं,” मानांग म्हणाल्या. “मिक्सर घेतोय का आपण?”

मेयर निघताना पत्रक तिथेच विसरून गेले.

मानांग म्हणजे थोरली ताई; गाव त्यांना तसंच म्हणे. पूर्ण नाव पुरिफिकासियोन नुफाब्ले. येत्या तीस जूनला त्या निवृत्त होणार होत्या. या अखेरच्या खरेदीसाठी त्यांनी तीन दिवस बसून बारा अटी लिहिल्या. त्यांतल्या काही अशा: ड्रोन उडवणाऱ्याचं नाव ठरलेलं असावं. प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद असावी. टिपलेलं सगळं तीस दिवसांत पुसावं. चित्रं विक्रेत्याच्या संगणकात जाऊ नयेत. आणि विक्रेता खरेदी समितीतल्या कुणाचाही नातेवाईक नसावा.

ही शेवटची अट वाचून मेयरांनी कपाळाला हात लावला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा स्पॅनिश साहेबाने आडनावांची यादी गावोगाव वाटली, तेव्हा सान निकासियोच्या वाट्याला ‘न’ अक्षराचं पान आलं. तेव्हापासून गावात सगळे नुफाब्ले, निओनेस, नापुद आणि नोब्लेसा. कोण कुणाचा कोण, हे चर्चच्या जुन्या वह्यांनाच ठाऊक, आणि त्यांनाही वाळवी लागलेली.

“गावात डोळे मिटून दगड मारला तरी माझ्या चुलत्यालाच लागेल, मानांग.”

“म्हणून तर दगड बाहेरगावी मारायचा.”

तिसरी अट या सगळ्या प्रकरणाला कारण झाली. निविदा काढण्याआधी बावीसही वाड्यांवर सूचना लावावी, ड्रोन काय बघणार आणि काय नाही हे लोकांना सांगावं, आणि दहा दिवस त्यांच्या लेखी हरकती घ्याव्यात, अशी ती अट. सूचनेचा मसुदा मानांगनी स्वतः केला. दोन पानं झाली. छापायचं काम रोवेना नोब्लेसाकडे आलं. रोवेना विभागात नवी होती, आणि जानेवारीतच मानांगनी काढलेलं परिपत्रक तिने मनावर घेतलं होतं: कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा.

तिने दोन्ही बाजूंनी छापलं. मग शिपायाने पिठाची खळ करून बावीसही वाड्यांवर ते कागद प्रार्थनाघरांच्या भिंतींना घट्ट चिकटवले.

पुढच्या बाजूला होतं: “सान निकासियो नगरपालिकेचा टेहळणी ड्रोन. सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, सदर ड्रोन समुद्रात पंधरा किलोमीटरपर्यंत, नदीच्या मुखावर व खारफुटीत टेहळणी करील. बेकायदा जाळी, स्फोटके, खारफुटीची तोड व नदीत सोडलेली डुकरांची घाण यांची नोंद ठेवली जाईल. घरे, अंगणे व व्यक्ती यांचे चित्रण केले जाणार नाही. हरकती दहा दिवसांत लेखी द्याव्यात.”

मागच्या बाजूला होतं: “वरील यंत्र अद्याप खरेदी करण्यात आलेले नाही. हरकतींचा विचार करून मगच निविदा काढण्यात येईल.”

मागची बाजू भिंतींनी वाचली.

चौथ्या दिवशी टपालाची टोपली भरून वाहू लागली, तेव्हा मानांगना पहिल्यांदा शंका आली. त्यांनी वरची हरकत उघडली. एका बाईंनी लिहिलं होतं, घरांवर येणार नाही असं तुम्ही लिहिता, मग काल दुपारी चार वेळा आमच्या छपरावर घिरट्या कुणी घातल्या? दुसऱ्याने लिहिलं होतं, मी होडीत झोपतो हे खरं, पण मासे लागायला वेळ लागतो म्हणून झोपतो. तरी ती चित्रं माझ्या बायकोला दाखवू नयेत. एका म्हातारीची हरकत नव्हतीच, विनंती होती: शेजारी दरवर्षी बांधाचा दगड हातभर सरकवतो, तर सरकारी पाखराने येता-जाता तिकडेही लक्ष ठेवावं. चर्चच्या गायकवृंदाने कळवलं होतं की रविवारी प्रार्थनेच्या वेळी उडवू नका, लोक वर बघतात आणि सूर चुकतात.

“इंदाय,” मानांगनी रोवेनाला, पोरी म्हणावं तशी, हाक मारली, “हे लोक ‘उडवू नका’ का म्हणतायत? ‘घेऊ नका’ असं म्हणायला हवं.”

“सवय असेल, मानांग. आपल्याकडे सगळं घेऊन झाल्यावरच सांगतात.”

मानांगनी छत्री उचलली आणि जवळच्या वाडीवर गेल्या. भिंतीवरचा कागद वाचला. मग नखाने एक कोपरा उचकटून पाहिला आणि तशाच उभ्या राहिल्या. रोवेना मागे होती. तिचा चेहरा पाण्यात टाकलेल्या कागदासारखा झाला.

“परिपत्रक तुमचंच होतं,” ती हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे. रडू नकोस. सगळे कागद सोडवा आणि दुसरी बाजू लोकांना दिसू दे.”

शिपायाने हुकूम जसाच्या तसा पाळला. ओल्या फडक्याने बावीस कागद सोडवले आणि उलटे करून पुन्हा घट्ट चिकटवले. आता पुढची बाजू भिंत वाचत होती आणि लोकांना एवढंच दिसत होतं: “वरील यंत्र अद्याप खरेदी करण्यात आलेले नाही.” वर पाहावं तर प्रार्थनाघराचं छप्पर, त्यावर आभाळ.

गावाने याचा सरळ अर्थ काढला. परवा ड्रोन आहे म्हणून सांगितलं, आज नाही म्हणतात. म्हणजे कामगिरी गुप्त झाली.

मानांगनी मग लाउडस्पीकर लावलेली रिक्षा फिरवली. ड्रोन घेतलेला नाही, असं ती तीन दिवस ओरडत होती. सान निकासियोत नगरपालिकेने एखादी गोष्ट घेतली नाही हे सांगायला रिक्षा फिरवल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यामुळे उरलासुरला संशयही फिटला.

आता लोक आपापलं आवरू लागले. नदीकाठची डुकरांची खुराडी आत सरकली. खारफुटीत लपवलेली बारीक विणीची जाळी एका रात्रीत नाहीशी झाली. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं त्यांनी छपरं रंगवून घेतली, वरून बरी दिसावीत म्हणून. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. पण तुरी बाजारातही आल्या नव्हत्या आणि इकडे सगळ्या गावाने जेवून हात धुतले होते.

आणि ट्रॉलर यायचे थांबले.

हे आधी कास्तोरच्या टोपलीत दिसलं. मार्चअखेर एका दुपारी तो बांगड्यांनी भरलेली टोपली घेऊन नगरपालिकेसमोरून गेला, आणि मानांगच्या खिडकीपाशी थांबून म्हणाला, “तुझा ड्रोन बेस आहे गं.”

“ड्रोन नाही, कास्तोर. मी रिक्षा फिरवली होती.”

“ऐकली. आवाज चांगला होता.”

निविदा मात्र रीतसर निघाली. हरकती दोनशे सतरा आल्या होत्या. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं अशी चौथी अट असल्यामुळे मानांग आणि रोवेना यांनी दोनशे सतरा उत्तरं दिली. होडीत झोपणाऱ्यालाही दिलं, बंद पाकिटात. विक्रेते दोन आले. पहिल्याला विचारलं, चित्रं कुठे साठतात? तो म्हणाला, ढगात. कुठल्या देशाच्या? तेवढं त्यालाही माहीत नव्हतं. दुसरा सगळ्या अटींना हो म्हणाला. शहरातला होता, आडनावही ‘त’चं होतं. सगळं जुळत आलं आणि शेवटच्या नातेसंबंधांच्या अर्जात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की त्याची आजी सान निकासियोची निओनेस होती.

“माझी आत्याआजी निघाली,” मेयर खिन्नपणे म्हणाले. “मला आजवर पत्ताच नव्हता. आजी मिळाली आणि ड्रोन गेला.”

समितीने खरेदी रद्द केली. पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं ठरलं. मानांगनी फाईल बांधली, वर गाठ मारली आणि निवृत्तीच्या कागदांना लागल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रांताहून ऑडिटर आले. हेर्मोहेनेस ताबिओलो, पन्नाशीचे, काटकुळे. येताना जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घरून घेऊन आले होते. रोवेनाने कॉफी पुढे केली तर त्यांनी मान हलवली. ज्यांची तपासणी करायची त्यांचं पाणीही प्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. मानांगना हा माणूस बघताक्षणी आवडला.

“मॅडम,” ते म्हणाले, “गेल्या तीन महिन्यांत या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारीची एकही तक्रार नाही. आजूबाजूच्या पाच गावांत पंचेचाळीस. प्रांताला कौतुक आहे. हे सगळं तुमच्या ड्रोनमुळे झालं म्हणतात. तो नोंदवहीत दिसत नाही.”

“कारण तो नाही.”

ताबिओलोंनी पिशवीतून एक पत्र काढलं. एका ट्रॉलर कंपनीच्या वकिलाचं होतं. सान निकासियोच्या ड्रोनने आमच्या जहाजाचा अठरा किलोमीटरपर्यंत पाठलाग केला, हे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर असून आम्ही दाद मागू, असं त्यात लिहिलं होतं.

मानांगनी पत्र दोनदा वाचलं. मग फाईलची गाठ सोडून ती पुढे सरकवली. ताबिओलोंनी ती दुपारी तीनपर्यंत वाचली. सूचना, हरकती, दोनशे सतरा उत्तरं, निविदा, रद्द केल्याचा ठराव.

“सव्वीस वर्षांत इतकी स्वच्छ फाईल मी पाहिली नाही,” ते म्हणाले.

“आभारी आहे.”

“स्तुती नाही करत, मॅडम. न घेतलेल्या वस्तूसाठी इतके कागद कुणी करत नाही.”

आता पंचाईत अशी झाली की प्रश्न मिटेपर्यंत मानांगचा बेबाकी दाखला अडला. तो असल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही. नगरपालिकेची जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे ती परत केली, किंवा हरवली असल्यास तसा अर्ज दिला, की दाखला मिळतो. नसलेली वस्तू परत कशी करायची याचा रकाना छापलेला नव्हता.

ताबिओलो वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, “हरवल्याचा अर्ज द्या. तीन पानांचा आहे. खुलासा घेतात, समज देतात, काम संपतं.”

“जो आलाच नाही तो हरवेल कसा?”

“मला नका विचारू. मी अर्ज छापत नाही.”

“खोट्या कागदावर मी एकतीस वर्षांत सही केलेली नाही,” मानांग म्हणाल्या. “शेवटच्या पंधरवड्यात कशाला सुरुवात करू?”

ताबिओलोंनी वही उघडली आणि साक्षी घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच कोळ्याने ड्रोन तीनदा पाहिल्याचं सांगितलं.

“रंग कोणता?”

“आभाळासारखा. म्हणून तर दिसत नाही.”

“मग तुम्ही पाहिला कसा?”

“दिसला नाही, तेव्हाच ओळखलं साहेब.”

ताबिओलोंनी हे लिहून घेतलं. दुसऱ्याने आवाज ऐकला होता. मधमाशीसारखा, पण सरकारी. होडीत झोपणाऱ्याने तर मानांगचं बंद पाकिटातलं उत्तर पुरावा म्हणून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ‘आपले चित्रण करण्यात आलेले नाही.’ चित्रण केलं नाही म्हणजे चित्रण करणारं काहीतरी असणारच, असा त्याचा मुद्दा होता. ताबिओलोंनाही तो बिनतोड वाटला.

त्याच दिवशी संध्याकाळी मानांग बहिणीच्या घरी गेल्या, तेव्हा कास्तोर बाहेर आला. पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“ऑडिटवाला सगळ्यांना सांगणार का, ड्रोन नाही म्हणून?”

“नसेल तर नाही असंच सांगेल. अहवाल फलकावर लावावा लागतो.”

“मग ते ट्रॉलर परत येतील.”

मानांगनी दारातून डोकावून पाहिलं. आत बहीण मासे खारवत होती. वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात खारवण्याइतके मासे उरले होते. थोरल्या भाचीची कॉलेजची फी यंदा वेळेवर गेली होती. हे सगळं मानांगना दिसत होतं.

“मी खोटं बोलणार नाही, कास्तोर.”

“खोटं बोल कोण म्हणतंय. हळू बोल, एवढंच.”

रात्रभर त्यांना नीट झोप लागली नाही. एका बाजूला पेन्शन, एका बाजूला बहिणीच्या घरचं मीठ, आणि मध्ये चार पंखांचा एक खेकडा, जो त्यांनी पत्रकाबाहेर कधी पाहिला नव्हता. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की जे आहे ते आहे. जाऊन ताबिओलोंना म्हणाल्या, “साहेब, सगळं गाव पालथं घालून बघा. मग लिहा.”

ताबिओलोंनी खरोखरच गाव पालथं घातलं. कपाटं, गस्तीच्या होडीचं शेड, मेयरांच्या घराचा पोटमाळा. पोटमाळ्यावर निवडणुकीतले उरलेले चारशे टी-शर्ट निघाले, ते त्यांच्या विषयात बसत नव्हते म्हणून त्यांनी सोडून दिले. शेवटी समुद्र उरला. कास्तोरने त्यांना आपल्या होडीतून नेलं, मानांगही बरोबर गेल्या. दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेली ती निमुळती होडी. लाटेवर ताबिओलो एकदा आभाळ बघत आणि एकदा डबा खाल्ल्याचा पश्चात्ताप करत. अकरा किलोमीटरवर कास्तोरने इंजिन बंद केलं. चहूकडे शांत. लांबवर लहान होड्या होत्या, ट्रॉलर एकही नव्हता.

वर एक तांबडी घार गोल फिरत होती.

“तो बघा,” कास्तोर म्हणाला.

“घार आहे ती,” मानांग म्हणाल्या.

“घारीसारखी दिसते,” कास्तोर शांतपणे म्हणाला.

ताबिओलोंनी दुर्बिणीतून तिच्याकडे दहा मिनिटं पाहिलं. घारीने मासा उचलला आणि खाल्ला. “घार आहे,” त्यांनी वहीत लिहिलं आणि पुन्हा होडीच्या कडेवर वाकले.

किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा नेम मोडला आणि मानांगच्या हातचं पाणी घेतलं. पेला परत देताना म्हणाले, “माझी खात्री पटली. ड्रोन नाही. तुमचा दाखला देतो.”

“मग अहवालात तसं लिहा. ‘नगरपालिकेकडे ड्रोन नाही.’”

“तसं नाही लिहिता येत. मला जे दिसलं तेच लिहायचा अधिकार आहे. ‘नाही’ हे मला दिसलेलं नाही. मला फक्त ड्रोन दिसलेला नाही.”

“याचा लोक भलता अर्थ काढतील.”

“अर्थ काढणं माझ्या विषयात बसत नाही.”

मानांगनी वाद घातला. नियमपुस्तक काढलं. पण नियमपुस्तकात ताबिओलो बरोबर होते, आणि नियमपुस्तकापुढे गप्प बसायची सवय मानांगना इतरांपेक्षा जास्त होती. अठ्ठावीस जूनला नगरपालिकेच्या फलकावर प्रांताच्या शिक्क्यानिशी एका ओळीचा निष्कर्ष लागला: “तपासणी पथकाने जमिनीवर व समुद्रात कसून शोध घेतला; परंतु सान निकासियो नगरपालिकेचा टेहळणी ड्रोन पथकास कोठेही आढळला नाही.”

या वेळी एकाच बाजूला छापलं होतं. रोवेनाने स्वतः तपासलं.

फलकासमोर गर्दी जमली. कोणीतरी मोठ्याने वाचलं. मग पुरुषांनी आदराने टोप्या काढल्या.

“प्रांताच्या माणसाला सापडला नाही,” एक म्हातारा म्हणाला. “दुर्बीण होती त्याच्याकडे.”

दुपारपर्यंत त्या कागदाचा फोटो किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत पोचला. संध्याकाळच्या आत कास्तोरला बातमी मिळाली की ट्रॉलर आता वीस किलोमीटरच्याही पलीकडे गेलेत. सांता ब्रिहिदाच्या मेयरांचा फोन आला. आमचा ड्रोन तर कपाटावर असूनही सगळ्यांना दिसतो, तुमचा कुठल्या कंपनीचा, असं ते विचारत होते. मेयर पानियोंनी फोन मानांगकडे दिला आणि मानांगनी त्यांना बारा अटींची प्रत पाठवते म्हणून सांगितलं.

मानांगना चैन पडेना. दाखला ड्रॉवरमध्ये होता, पेन्शन सुरू होणार होती, मासे येत होते. तरी फलकापाशी लोक त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावत होते, ते त्यांना सहन होईना. एकतीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी डोळा मिचकावला नव्हता. तीस तारखेला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी, त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: “सान निकासियो नगरपालिकेने ड्रोन घेतलेला नाही. नगरपालिकेकडे ड्रोन नाही. कधीही नव्हता. पु. नुफाब्ले, खरेदी अधिकारी.” खाली सही केली, शिक्का मारला आणि आपल्या हाताने फलकावर लावला.

मेयर जिना उतरून आले. कागद वाचला.

“मानांग, हे लावायलाच हवं का?”

“खरं आहे ते.”

“खरं आहे हो. पण त्या बिचाऱ्या कोळ्यांचं काय?”

मानांगनी खुर्ची खिडकीकडे वळवली. दिवसभर त्या खिडकीतून फलकाकडे बघत बसल्या. लोक येत, वाचत, सही ओळखत. हे अक्षर गावात प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कागदावर पाहिलं होतं आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं. एक कोळीण कागदापुढे बराच वेळ उभी राहिली. मग खिडकीशी आली आणि मानांगचा हात आपल्या कपाळाला लावून म्हणाली, “आमच्यासाठी एवढं केलंस, मानांग. आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतंस.”

“मी खरंच लिहिलंय गं,” मानांग म्हणाल्या.

“हो, हो,” कोळीण डोळे पुसत म्हणाली. “आम्ही तसंच सांगू.”

पाच वाजता मानांगनी चाव्या रोवेनाच्या हातात दिल्या आणि पायऱ्या उतरून खाली आल्या. बदामाच्या झाडाखाली कास्तोर आणि सातआठ कोळी उभे होते. साडेतीनपासून उभे होते, पण चालू नोकरीत अधिकाऱ्याला भेटवस्तू द्यायची नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून घड्याळाचा काटा पाचवरून सरकेपर्यंत थांबले होते. कास्तोरने टोपली पुढे केली. वरच्या थराला बोटभर जाडीचे बांगडे होते, अजून चकाकत होते.

“आता तू कुणाची अधिकारी नाहीस,” तो म्हणाला. “आता तरी खरं सांग.”

“ड्रोन नाही, कास्तोर.”

“बरं,” कास्तोर समाधानाने म्हणाला. त्याने केळीचं एक मोठं पान घेतलं आणि टोपलीवर नीट, चारी बाजूंनी खोचून झाकलं. “वरून दिसायला नको. पाच वाजून दोनच मिनिटं झालीयत.”

मानांग पुरिंग यांनी टोपली कमरेवर घेतली आणि घरची वाट धरली. रस्ता मोकळा होता, ऊनही उतरलं होतं. तरी त्या का कोण जाणे, घरापर्यंत झाडांच्या सावलीसावलीनेच गेल्या.